पान वाढा, कर्ज वाढवू नका

🙏 श्री सद्गुरवे नमः 🙏
गुरुवारचा सत्संग, बेळगाव – निरूपणाचा सारांश



लग्नसराई तोंडावर आली आहे. गेल्या गुरुवारी आरती झाल्यावर खानापूर भागातले एक काका महाराजांच्या पायाशी येऊन बसले. लेकीचं लग्न ठरलंय. जेवणाच्या कंत्राटदाराने 800 पानांचा हिशेब दिलाय, 14 पदार्थ, पानाला 350 रुपये. एकूण 2,80,000 रुपये. गाठीला 80,000 आहेत. उरलेले दोन लाख शेकडा दोन रुपये महिन्याने काढायचे ठरवलंय. "महाराज, आशीर्वाद द्या, कार्य नीट पार पडू दे."

महाराज म्हणाले, "आशीर्वाद आहेच. पण आधी हिशेब करूया. दोन लाखांचं व्याज महिन्याला 4,000. वर्षाला 48,000, आणि मुद्दल आहे तिथंच. लेक दिवाळसणाला येईल तेव्हा ओसरीवर सावकार बसलेला असेल. तिला घरातला घास गोड लागेल काय?"

काका खाली मान घालून म्हणाले, "पण महाराज, लोक नावं ठेवतील."

मग महाराजांनी विदुराघरची गोष्ट काढली. भगवंत शिष्टाईला हस्तिनापुरास गेले. दुर्योधनाने राजवाड्यात जेवणाचा थाट मांडला होता. भगवंत तिथं जेवले नाहीत. कारण विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, की दुसऱ्याच्या घरी माणूस दोनच कारणांनी जेवतो. एक तर प्रेम असतं म्हणून, नाहीतर अडचणीत असतो म्हणून. इथं दोन्ही नाही. आणि ते विदुराकडे गेले. विदुराच्या कण्या आपल्या आयाबाया अजून सांगतात. दुर्योधनाची पक्वान्नं कुणी मोजत बसलं नाही.

महाराज म्हणाले, "आता ही दोन कारणं मांडवात लावून बघा. तुमचे पाहुणे प्रेमानं येतात. त्यांना 14 पदार्थ नकोत, गरम चार घास आणि 'बसा हो, घ्या अजून' एवढं पाहिजे. आणि खरी भूक कुणाला? पहाटेपासून राबणारे मांडववाले, वाजंत्री, भांडी घासणाऱ्या मावश्या, गाड्यांचे ड्रायव्हर. थाटाच्या लग्नात यांच्या वाट्याला गार भात येतो. प्रेम आणि भूक सोडून जे वाढलं जातं, ते सगळं दुर्योधनाचं पान."

*मग करायचं काय?* महाराजांनी काकांना पाच गोष्टी सांगितल्या.

1) पत्रिका छापायच्या आधी यादी करा. जो तुमच्या दुःखात धावून आला, त्याचं नाव पहिलं. नुसता देखावा म्हणून घातलेलं नाव खोडा. 800 ची 300 सहज होतात.

2) भात, आमटी, एक भाजी, कोशिंबीर, एक गोड आणि मठ्ठा. गोडाला आपल्याकडची खपली गव्हाची, गुळातली हुग्गी करा. घरचे गहू असतील तर उत्तमच.

3) भात मुख्य असेल तर माणशी 100 ग्रॅम कोरडा तांदूळ धरा, 300 पानांना 30 किलो. सगळा एकदम चढवू नका. पंगत बघून पुढचा हंडा ठेवा. उरलेला तांदूळ घरी परत येतो, उरलेला भात उकिरड्यावर जातो.

4) वाढायला भावकी आणि सत्संगातली मुलं घ्या. आग्रह जरूर करा, पण पानात टाकून उठायची वेळ पाहुण्यावर आणू नका.

5) शेवटच्या पंगतीला यजमानानं स्वतः वाढावं. पहिल्या पंगतीला जी हुग्गी, तीच शेवटच्या पंगतीला. त्यासाठी एक भांडं आधीच बाजूला झाकून ठेवा.

साधेपणा म्हणजे चिक्कूपणा नव्हे, हेही महाराजांनी बजावलं. पदार्थ कमी चालतील, पण जे आहे ते पोटभर पाहिजे. गाडगे महाराजांनी (1876–1956) जन्मभर कीर्तनातून हेच सांगितलं, की सणासमारंभासाठी कर्ज काढू नका. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातलं. तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच. बोलणारे दोन दिवस बोलतात, व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला दारात येतं.

काकांनी शेवटी विचारलं, "व्याह्यांना कसं सांगू?" महाराज म्हणाले, "फोनवर नको. घरी जा, आणि खरं तेच सांगा. खरं ऐकून ज्यांचं तोंड वाकडं होतं, ते घर कसं आहे हे लग्नाआधी कळलेलं बरं."

काका रविवारी जाऊन आले. व्याही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आतून चहा मागवला आणि म्हणाले, "आमच्याकडची यादीपण काढा, बसून दोघं मिळून खोडूया."

*या आठवड्याचा संकल्प:* आपल्या घरी कार्य असेल तर कर्जाच्या पैशातून एकही पान वाढायचं नाही. आणि कुणाच्याही मांडवातून बाहेर पडताना जेवणाला नावं ठेवायची नाहीत. दुसरं पाळलं तर पहिलं सगळ्यांनाच सोपं जाईल.

काकांच्या घरच्या कार्यात वाढायला येणाऱ्यांनी आपल्या मंडळाच्या सेवेकऱ्यांकडे नाव द्यावं. भाजी चिरायला आदल्या रात्री माताभगिनी हव्या आहेत, विळी आपापली आणावी.

हे निरूपण घरातल्या थोरामोठ्यांना वाचून दाखवा.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏