वेडी की अडचणीची?

स्पेनमधली एक राणी नावापेक्षा तिला चिकटलेल्या विशेषणानेच जास्त ओळखली जाते. 'हुआना ला लोका'. वेडी हुआना. गूगल केलंत तर बहुधा प्रादियाचं १८७७ सालचं चित्र दिसेल: उजाड माळ, नवऱ्याची शवपेटी आणि शेजारी काळ्या कपड्यात उभी असलेली ती.

मला चित्रापेक्षा तारखा बोलक्या वाटतात. १५०४ साली आई इसाबेला वारली आणि कॅस्टिलचं राज्य हुआनाकडे आलं. मृत्युपत्रात पळवाट होती: मुलीला कारभार जमला नाही किंवा नको असला, तर बाप फर्डिनांडने बघावा. जून १५०६मध्ये एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेल्या सासऱ्या-जावयाचं एका गोष्टीवर एकमत झालं, हिला सत्तेपासून लांब ठेवायचं. सप्टेंबरमध्ये नवरा फिलिप मेला. शवपेटीबरोबरचा तो प्रसिद्ध प्रवास त्यानंतरचा. म्हणजे निकाल आधी, पुरावा मागाहून.

तिच्या संतापाच्या, न जेवण्याच्या गोष्टी आधीपासून होत्या, हे मान्य. समजा, ती खरंच आजारी होती. मग १५०९पासून तोर्देसियासच्या वाड्यात कोंडून तिच्यावर जे केलं गेलं, ते उपचार होते का? १५१६ला बाप मेला, ती बातमी तिच्यापासून लपवली. आजारी माणसाला जपणं आणि त्याला खोट्या जगात ठेवणं यात फरक आहे, आणि तो कळायला डॉक्टर लागत नाही.

१५२०मध्ये तिचा मुलगा चार्ल्स याच्याविरुद्ध उठलेले बंडखोर तिच्याकडे सहीसाठी आले. तिने सही दिली असती, तर चार्ल्सचं काही खरं नव्हतं. तिने दिली नाही. का, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वेगळाच प्रश्न पडतो: जिच्या बुद्धीचा भरवसा नाही, तिच्या सहीची दोन्ही बाजूंना एवढी किंमत का? (आमच्या धंद्यात एखाद्याचा ॲक्सेस काढून सगळं काम त्याच्याच लॉगिनवर चालू ठेवलं, तर ऑडिटवाले सोडत नाहीत.) चार्ल्सचे हुकूम आईच्या आणि त्याच्या अशा जोडनावानेच निघत.

त्याआधी, १५१८मध्ये, चार्ल्सने तिच्याजवळ असलेली धाकटी मुलगी कातालिना गुपचूप हलवली. हुआनाने खाणं सोडलं. पोरगी परत आणावी लागली. हेच एखाद्या कैद्याने केलं असतं तर आपण त्याला उपोषण म्हटलं असतं. तिच्या खात्यात ते वेड म्हणून जमा झालं. सगळं काढून घेतलेल्या माणसाकडे नकार देण्यापलीकडे उरतं काय?

१५२५ला कातालिना पोर्तुगालच्या राजाशी लग्न करून गेली. हुआना आणखी तीस वर्षं तिथेच होती. १५५५मध्ये वारली तेव्हाही कॅस्टिलची राणी तीच होती.