साध्या बालपणाचा हक्क

रात्रभर बर्फ पडलाय. सकाळी उठून पीटर नावाचा चिमुरडा लाल रंगाचा जाड पोशाख चढवतो आणि बाहेर पळतो. ताज्या बर्फात पावलं उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, ढिगाऱ्यावरून घसरतो आणि उद्यासाठी म्हणून एक गोळा खिशात घालून घरी येतो. गोळा अर्थातच वितळतो. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ या १९६२ सालच्या चित्रपुस्तकात याहून फारसं काही घडत नाही. पीटर कृष्णवर्णीय आहे हे चित्रांत दिसतं. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. तरीही अमेरिकी बालसाहित्याचा इतिहास या पुस्तकापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. १९६३ साली त्याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच पुस्तकाचा लागला.

एका मुलाने बर्फात खेळणं ही साहित्यातली एवढी मोठी घटना का ठरावी? नॅन्सी लॅरिक यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात याचं उत्तर सापडतं. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी हिशेबात धरली. त्यांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. त्यांतली निम्म्याहून अधिक पुस्तकं परदेशात किंवा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळात घडणारी होती. त्या वेळच्या अमेरिकेत राहणारं, शाळेत जाणारं, खोड्या काढणारं कृष्णवर्णीय मूल एक टक्का पुस्तकांतही नव्हतं. ज्यांची लाखो मुलं त्याच देशात शिकत होती, त्यांना पुस्तकांनी वर्तमानातून वगळलं होतं.

ही उणीव कृष्णवर्णीयांनी फार आधी ओळखली होती. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी जानेवारी १९२० मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचं मासिक काढलं आणि जेसी फॉसेट यांनी त्याच्या संपादनाचा भार वाहिला. गोष्टी, खेळ, मुलांची पत्रं, त्यांची छायाचित्रं असा भरगच्च मजकूर त्यात असे. लँग्स्टन ह्यूज यांच्या अगदी सुरुवातीच्या कविता तिथेच छापून आल्या. चोवीस अंकांनंतर, डिसेंबर १९२१ मध्ये, ते बंद पडलं. याच डू बॉइसना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. समाजाच्या मुक्तीचा विचार करणाऱ्या डू बॉइस यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाला मुलांचं मासिक काढणं हे दुय्यम काम वाटलं नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

यातून पुढचा प्रश्न येतो तो लेखणी कोणाच्या हातात आहे, याचा. कीट्स स्वतः ब्रुकलिनच्या गरीब ज्यू घरातले, गौरवर्णीय. त्यांची आस्था खरी होती, पण पीटरच्या आईच्या साचेबद्ध चित्रणावर लॅरिकबाईंनीच बोट ठेवलं. घराच्या आतला माणूस लिहितो तेव्हा अशा गोष्टी सहसा निसटत नाहीत. पण आतल्या माणसाला दार उघडायला फार वेळ लागला. बालसाहित्यासाठी १९२२ पासून दिलं जाणारं न्यूबेरी पदक कृष्णवर्णीय लेखिकेला, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना, मिळायला १९७५ साल उजाडलं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजदाद केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी अवघी १८ कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलेलं रूपक आज जगभर वापरलं जातं : पुस्तक कधी खिडकी असतं, कधी आरसा. ज्या मुलांना आरसा कधीच मिळत नाही, त्यांना समाजातल्या आपल्या किमतीबद्दल एक धडा मिळतोच. आणि ज्यांना फक्त आरसेच मिळतात, त्यांचंही नुकसानच होतं.

२०१४ च्या मार्चमध्ये वॉल्टर डीन मायर्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला. आदल्या वर्षीच्या ३,२०० पुस्तकांपैकी ९३ कृष्णवर्णीयांविषयी होती. त्यानंतर मात्र बांध फुटला. जॅकलिन वुडसन, क्वामे अलेक्झांडर, जेसन रेनॉल्ड्स, अँजी थॉमस, टोमी अडेयेमी यांची पुस्तकं गाजली, खपली, पुरस्कारांवर पुरस्कार मिळवत गेली. डेरिक बार्न्स यांनी लिहिलेलं आणि गॉर्डन जेम्स यांनी रंगवलेलं ‘क्राउन’ हे २०१७ चं पुस्तक पाहा. एक मुलगा केस कापायला सलूनमध्ये जातो, एवढाच त्याचा विषय. अंगावर टाकलेलं कापड राजवस्त्रासारखं खांद्यांवरून उतरतं, शेजारच्या खुर्चीतले काका रुबाबदार दिसतात आणि आरशात स्वतःला पाहताना मुलगा मनातल्या मनात उंच होतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. कृष्णवर्णीय मूल पुस्तकात आलं का, हा प्रश्न आता अपुरा आहे. ते पुस्तकात येऊन काय करतं, हे विचारायला हवं. त्याला खेळायला, रुसायला, नटायला, कंटाळायला मिळतं का?

हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका बागेत बारा वर्षांचा टमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि क्षणार्धात त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर पोलिसांनी वायरलेसवर त्याचं वय सांगितलं ते साधारण वीस. कृष्णवर्णीय मूल अनेकांच्या नजरेला मूल म्हणून दिसतच नाही.

व्हॅश्टी हॅरिसन यांचं ‘बिग’ हे २०२३ चं पुस्तक थेट याच दुखण्यावर आहे. एक गुटगुटीत मुलगी. लहानपणी ‘मोठी झालीस गं’ हे कौतुक असतं. पुढे तोच टोमणा होतो. ती झोपाळ्यात अडकते, इतर मुलं हसतात, मोठी माणसं रागावतात. चित्रकर्तीने पुढची बरीच पानं शब्दांना जवळजवळ सुट्टी दिली आहे. मुलगी पानागणिक वाढत जाते, शेवटी कागदाच्या कडांत कोंबल्यासारखी बसते, आणि मग पान उलगडून दुप्पट रुंद होतं, कारण तिने स्वतःसाठी जागा करून घेतलेली असते. या पुस्तकासाठी २०२४ साली कॅल्डेकॉट पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या हॅरिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

यावर आक्षेप घेता येईल : मग गुलामी, दंगली, पोलिसी अत्याचार मुलांपासून लपवायचे का? मुळीच नाही. टल्सातल्या कृष्णवर्णीयांच्या १९२१ च्या हत्याकांडावर कॅरल बोस्टन वेदरफोर्ड आणि फ्लॉइड कूपर यांनी चित्रपुस्तक केलं, ते आवश्यकच होतं. पण अमीना लुकमन-डॉसन यांच्या ‘फ्रीवॉटर’ या न्यूबेरीविजेत्या कादंबरीत याच्याही पुढची वाट दिसते. मळ्यातून पळालेली भावंडं दलदलीतल्या गुप्त वस्तीत पोचतात आणि तिथे त्यांना भेटतात मालक कधी न पाहिलेली, स्वतंत्र जन्मलेली मुलं. गुलामीच्या गोष्टीतही लेखिकेने बालपणासाठी जागा राखली आहे. पुस्तकं मोजकीच असतात तेव्हा प्रत्येकावर साऱ्या समाजाच्या दुःखाचं ओझं येतं. ती भरपूर झाली, की एक इतिहास सांगतं आणि दुसरं नुसतं हसवतं. संख्येचा आग्रह धरायचा तो यासाठी.

आणि पुस्तकांतल्या बालपणाचा हा साधेपणाच काहींना खुपतो. जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’मध्ये जॉर्डन नावाचा बारा वर्षांचा मुलगा महागड्या खासगी शाळेत जातो, व्यंगचित्रं काढतो, मित्र जोडतो. एक शिक्षिका कृष्णवर्णीय मुलांना सतत दुसऱ्याच नावांनी हाक मारते. हिंसा नाही, शिवीगाळ नाही. २०२० साली न्यूबेरी मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी. तरीही २०२१ मध्ये टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांतून पालकांच्या तक्रारीवरून ती काढली गेली. फेरतपासणीनंतर परत ठेवावी लागली. मुलाच्या नजरेतून दिसलेलं रोजचं वागणं हे मोठ्यांना घोषणांपेक्षा जास्त बोचतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून तिथला लढा आपल्याला परका नाही. म्हणून आपल्याकडेही पाहायला हवं. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ यांनी दलित आणि भटक्या मुलाचं बालपण मराठीत आणलं, पण ते भुकेचं, अपमानाचं, आणि मोठ्यांनी वाचायचं. त्या वस्तीतलं मूल मराठी बालपुस्तकात पतंग उडवताना, गणितात अडताना, आजीशी भांडताना फार क्वचित भेटतं. ते लिहू शकणारे लोक आहेत. प्रकाशकांनी त्यांच्याकडे ते मागायला हवं आणि पालक-शिक्षकांनी ते विकत घ्यायला हवं.

दुःखाला साहित्यात जागा मिळणं हा न्यायाचा पहिला टप्पा होता. ज्या समाजाच्या मुलांना कथेत निव्वळ मजा करण्याची मुभा नसते, त्या समाजाला अजून पूर्ण माणूस मानलेलं नसतं. आणि ती मुभा दयेने मिळत नाही. त्या समाजातल्या लेखक-चित्रकारांच्या हाती लेखणी, कुंचला आणि प्रकाशनाचे निर्णय जितक्या प्रमाणात येतील, तितकीच ती मिळत जाईल.