डोंगर एक, नावे दोन



माघ पौर्णिमेच्या सुमारास कल्याणहून मलंगगडाकडे माणसांची रीघ लागते. कोणी ‘हाजी मलंग’ला निघालेला असतो, कोणी ‘श्री मलंग’ला. वाट एकच, पायऱ्या त्याच. मुसलमान बांधवांच्या श्रद्धेनुसार तिथे येमेनहून आलेले सूफी संत हाजी अब्दुल रहमान यांची कबर आहे. अनेक हिंदू बांधव त्याच जागी नाथपंथाच्या मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. आणि दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे! १९८० च्या दशकापासून मात्र याच नावांवरून आंदोलने झाली.

दोघे डोके टेकवतात तो एकच की वेगवेगळा? “सगळे एकच, नावे वेगळी,” असे म्हणून आपण मोकळे होतो. पण सूफी संत आणि नाथयोगी यांची चरित्रे एक नाहीत. आपले हे उत्तर म्हणजे दोघांचेही न ऐकता दिलेला निकाल. “एकाचे खरे, म्हणून दुसऱ्याने गड उतरावा,” हे तर त्याहून वाईट. एखाद्याची समजूत चुकली, म्हणून त्याला ढकलण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माउलीला कितीतरी हिंदू भगिनी येतात. त्यांच्यापैकी अनेकींच्या लेखी ती देवी. आपल्या लेखी पवित्र मरिया देवी नव्हे, तर देवमाता. आपण तिची आराधना करीत नाही, तिची मध्यस्थी मागतो. हा फरक लहान नाही आणि तो लपवूही नये. पण त्यासाठी आपण कोणाच्या हातची मेणबत्ती काढून घेत नाही. आजारी लेकरासाठी आईने ढाळलेले अश्रू कोणत्या नावाने ढाळले, हे पाहून खरे-खोटे ठरत नाहीत.

शोमरोनी स्त्रीने प्रभू येशूला असेच विचारले होते : उपासना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत? (योहान ४) प्रभूने सत्य सौम्य केले नाही. तारण यहुद्यांतून आहे, हे तिला स्पष्ट सांगितले. पण डोंगरासाठी तो भांडला नाही. खरी उपासना आत्म्याने व सत्याने होते, असे म्हणाला. आणि हे सर्व बोलण्याआधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले.

म्हणजे सत्य घट्ट धरायचे, पण त्याची काठी करायची नाही. डोंबिवलीच्या चाळीत किंवा ठाण्याच्या सोसायटीत आपला शेजारी कोणाला नवस बोलतो, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. तो कशासाठी बोलतो, हे या आठवड्यात त्याला विचारू या. आणि त्याने विचारले, तर आपला विश्वासही न भिता, न हिणवता सांगू या.