शेवट न सांगता

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीला लोकलमध्ये चढले, तेव्हा समोरच्या बाईंच्या हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली रहस्यकादंबरी होती. मुंब्रा, कळवा मागे पडलं तरी त्यांनी मान वर केली नाही. ठाण्याला उतरताना विचारलं, "कशी आहे?" म्हणाल्या, "काही नाही हो, टाइमपास."

त्या उत्तराने मला खरंच वाईट वाटलं. इतकं गुंतवून ठेवणाऱ्या पुस्तकाबद्दल वाचकाला एक धड वाक्य बोलावंसं वाटू नये?

अशा गुंतवून ठेवणाऱ्या वाचनाची परंपरा काही कालची नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली १८६१मध्ये. प्रेम, कारस्थान, अद्भुत योगायोग, सगळं तिच्यात एकत्र नांदतं. वाचायची सोयही होत गेली: तीनच वर्षांनी कल्याणचं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं आणि १८९३मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी घरात आणि समाजात आणली, ते मोठंच काम झालं. पण त्यानंतर समीक्षेने रहस्य, अद्भुत आणि प्रणय यांच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. वाचकाने मात्र फिरवली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या कुणीतरी वाचल्याच ना!

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक प्रकार त्याच्या स्वतःच्या कायद्याने तपासावा, पण तपासावा जरूर. अलीकडे अर्नाळकरांचा नायक झुंजार याच्या काही कथा पुन्हा वाचल्या. कोड्याचे धागेदोरे वाचकापुढे प्रामाणिकपणे ठेवले आहेत का, ही कसोटी तिथे लावली तर निराशाच होईल. तिथला आनंद झुंजारच्या धाडसाचा आणि कथेच्या वेगाचा आहे. पण शेवटच्या प्रकरणात खुनी शोधून देण्याचा करार करणाऱ्या कादंबरीत आधी कधी न दिसलेला माणूस खुनी निघाला, तर ती फसवणूकच आहे आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. अद्भुताला सगळं माफ असतं, हाही गैरसमज. नारायण धारपांच्या भयकथांतली भीती साध्या घरात, ओळखीच्या माणसांत हळूहळू शिरते, म्हणून अशक्य गोष्टही पटते. मंत्राने काहीही होऊ शकत असेल, तर धोका कशाचा उरला?

प्रेमकथेवर सर्वांत जास्त अन्याय होतो, कारण ती बायकांची म्हणून बाजूला ठेवली जाते. शैलजा राजे यांच्या 'साकव'वरून डोंबिवलीकर शं. ना. नवरे यांनी 'गुंतता हृदय हे' नाटक लिहिलं. म्हणजे एका कसलेल्या नाटककाराला त्या कथेत ऐवज दिसला होता. प्रेमकथा वाचताना मी एकच बघते: दोघांमधली अडचण खरी आहे का? एका फोनने मिटणाऱ्या गैरसमजावर दोनशे पानं ओढलेली असतील, तर ते पुस्तक मी अर्ध्यावर मिटते. अडचण त्यांच्या स्वभावातून आलेली असेल, तर शेवट आधीच ठाऊक असूनही जागून वाचते.

असं मत दिलं की पुढच्या वाचकाला वाट सापडते आणि लेखकालाही कुणीतरी लक्ष देऊन वाचतंय हे कळतं.

तेव्हा या दिवाळीत वाचनालयात पुस्तक परत करताना काउंटरवर दोन वाक्यं बोला. काय आवडलं आणि कुठे फसलं ते सांगा. खुनी कोण, ते मात्र सांगू नका.