निरामिष मटणाचा तर्क

कालीघाटच्या देवीला बळी दिलेल्या बोकडाचे मांस कांदा-लसूण न घालता, आले, जिरे आणि हिंगावर शिजवतात आणि कोलकात्याचा माणूस त्याला बिनदिक्कत ‘निरामिष मांग्शो’ म्हणतो. मराठी कानाला हा उघड वदतोव्याघात वाटतो. पण हसण्याआधी विचारायला हवे, की मन वस्तूंचे वर्ग पाडते ते त्यांच्यात काय आहे हे पाहून, की काय नाही हे पाहून? व्रतवैकल्यांतले बहुतेक वर्ग दुसऱ्या जातीचे असतात, असे माझे म्हणणे आहे. त्यांचा तर्क उलगडायची हत्यारे बंगालमध्येच परजली गेली आहेत. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी सोळाव्या शतकात नकारार्थावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयात शिकलेल्या बिमलकृष्ण मतिलालांनी 1968 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नव्यन्याय या तर्कपरंपरेतला हाच अभावविचार आधुनिक तर्कशास्त्राच्या वाचकांपुढे ठेवला.

नैयायिक म्हणतात, नुसता अभाव असा नसतोच. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. शिवाय तो प्रतियोगी कोणत्या धर्माने, म्हणजे गुणविशेषाने, ओळखून नाकारला आहे, हेही सांगावे लागते. खोलीत निळा घडा नाही म्हणजे घडाच नाही असे नव्हे. ही कसोटी लावली की कालीघाटचे कोडे सुटते. बाजारात ‘निरामिष’ म्हणताना नाकारले जातात मासे आणि मांस. देवीच्या स्वयंपाकघरात नाकारला जातो कांदा-लसूण. शब्द एक, प्रतियोगी दोन. विसंगती आपल्याला दिसते, कारण आपण एकाच प्रतियोगीच्या चष्म्यातून दोन्हीकडे पाहतो.

आपला उपवास तरी काय वेगळा आहे? बटाटा अमेरिकेतून आलेला, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिथलाच. कोणत्याही स्मृतिकाराने हे पदार्थ पाहिलेले असणे शक्य नाही. तरी दोघेही एकादशीच्या ताटात सहज बसले. त्यांच्यात पवित्र असे काही सापडले म्हणून नव्हे, तर ते धान्य नव्हते म्हणून. इथे चाणाक्ष वाचक वरईकडे बोट दाखवील. वरई धान्यच आहे, मग भगर कशी चालते? उत्तर पुन्हा त्या नाकारणाऱ्या धर्मात आहे. उपवासाला वनस्पतिशास्त्रातले धान्य वर्ज्य नसते. रोजच्या जेवणाचा आधार असलेले धान्य वर्ज्य असते. महाअष्टमीला अनेक बंगाली घरांत भात टाळून लुची खातात. तिथे रोजचे अन्न म्हणजे भात. मैद्याच्या पुरीने आपला उपवास मोडला असता, त्यांचा मोडत नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी घरचा आहे: ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. जिभेला हवे ते आधी ठरते आणि तर्क मागून जोडला जातो, असे कोणी म्हणेल. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण नुसत्या जिभेचाच कारभार असता तर मटणातून कांदा कोणी बाहेर काढला असता? आणि बंगाली विधवेला मासे, कांदा, लसूण यांच्याबरोबर मसुराची डाळही आमिष म्हणून निषिद्ध होती. एका गरीब डाळीवरच्या बंदीत कसली आली चैन!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांच्या 1970च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवले, की वर्गाच्या मध्यभागी एक ठळक नमुना असतो; अमेरिकन माणसाला पेंग्विनपेक्षा रॉबिन अधिक ‘पक्षी’ वाटतो. म्हणजे मन होकारानेच वर्ग बांधते. आपल्याकडेही बौद्ध तार्किक दिङ्नागाने शब्दाचा अर्थ इतरांची व्यावृत्ती, म्हणजे इतरांना वगळणे, असा लावला, तेव्हा मीमांसक कुमारिलाने त्याला अडवले: गाय ठाऊक नसेल तर ‘अ-गाय’ तरी कशी कळणार? गायी आणि पक्षी यांच्यापुरता मी कुमारिलाच्या बाजूने आहे. पण व्रताच्या बाबतीत गाय आणि ‘अ-गाय’ यांचे हे परस्परावलंबी चक्र उभेच राहत नाही. तिथे भात, मासा, कांदा आधीच ओळखीचे असतात. वर्ग त्यांच्या वगळण्यातून नंतर जन्मतो. लॉरेन्स बारसालू यांनी 1980च्या दशकात हेतूपोटी बनणाऱ्या वर्गांचा अभ्यास केला. पथ्याच्या खाण्यात उत्तम नमुना कोणता, हे सरासरी साम्यावरून ठरत नाही. ज्यात उष्मांक जवळजवळ नाहीतच, तो पदार्थ लोकांना त्या वर्गाचा खरा प्रतिनिधी वाटतो. इथेही मोजमाप अभावाचेच आहे.

तर्काचा पल्ला मात्र इथवरच. प्रतियोगी एकदा ठरला, की आपल्या उपवासात बटाटा आत आणि पुरी बाहेर हे तर्काने सांगता येते. तो ठरवायचा कोणी, हे तर्क सांगत नाही. देवीच्या नैवेद्याची यादी परंपरेने केली आणि भक्ताला त्यात मटण मिळाले. विधवेच्या ताटाचीही यादी परंपरेनेच केली. तिला ‘निरामिष’ मटणही चालत नसे, मसूरही नाही, आणि त्या यादीबद्दल तिचे मत कोणी विचारले नव्हते.