विणणारा आणि राखणारा हात

स्तोत्र १३९ चे तेरावे वचन भाषांतरकाराला थांबवून धरते. आईच्या उदरात देवाने आपल्यासाठी काय केले हे सांगताना स्तोत्रकर्ता जे इब्री क्रियापद योजतो, त्याचे दोन अर्थ संभवतात. एका अर्थाने देवाने आपल्याला विणले. दुसऱ्या अर्थाने त्याने आपल्याला झाकून राखले. ईयोबाच्या दहाव्या अध्यायात हेच क्रियापद हाडे व स्नायू यांनी देह विणण्याविषयी येते. स्तोत्र ९१ मध्ये ते पंखांखाली झाकण्याविषयी, तर निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात दयासनावर पंख पसरणाऱ्या करुबांविषयी येते. काही कोशकार हे दोन भिन्न धातू मानतात. इंग्रजीच्या जुन्या राजमान्य भाषांतराने 'झाकणे' स्वीकारले. अलीकडची पुष्कळ भाषांतरे 'विणणे' पसंत करतात. भाषांतरकाराला एकच शब्द निवडावा लागतो.

गर्भातील हृदयाच्या घडणीचा अभ्यास वाचताना मात्र ही निवड अवघड होते. गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी हृदयाचा पहिला ठोका पडतो. तेव्हा हृदय म्हणजे एक साधी नळी असते. ती वळते, तिच्यात पडदे व झडपा तयार होतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्प्यांचे हृदय आकाराला येते. या कामी जे रेणू राबतात, त्यांतील काहींची ओळख शास्त्रज्ञांना प्रथम रोगप्रतिकारशक्तीचे सेवक म्हणून झाली होती. रक्तातील टी-पेशींना शत्रूची चाहूल लागताच जागे होणाऱ्या प्रथिनांचे एक कुल आहे. त्यांतील एक प्रथिन नसलेल्या उंदरांच्या गर्भांत हृदयाच्या झडपा नीट घडत नाहीत व ते गर्भातच मरतात, असे १९९८ साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्याआधी १९९६ साली जपानी संशोधकांना असेच आढळले होते. रक्तपेशींना वाट दाखवणारा एक रेणू ज्या उंदरांत नव्हता, त्यांच्यात संरक्षक पेशींची वाढ खुंटली होती आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात छिद्र राहिले होते.

शत्रू अजून दाराशी आलेला नाही, आणि पहारेकऱ्याचीच अवजारे घर बांधत आहेत!

यावरून देवाचे अस्तित्व सिद्ध झाले, असे कोणी म्हणू नये. आपला विश्वास प्रयोगशाळेच्या आधारावर उभा नाही, आणि उद्याच्या संशोधनाने तो डळमळण्याचेही कारण नाही. शिवाय ज्या निरीक्षणाने आपण हर्षित होतो, तेच आपल्यापुढे कठीण प्रश्न ठेवते. दर हजार जिवंत जन्मांत सुमारे आठ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. विणणारा हात देवाचा, तर हे सुटलेले टाके कोणाचे?

याहून कठीण उदाहरण आईचेच आहे. तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात व जन्मानंतर काही महिने त्याचे रक्षण करतात. परंतु काही स्त्रियांच्या रक्तात 'रो' नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. तीही त्याच वाटेने जातात, आणि अशा शंभर गर्भांपैकी एखाद्या-दोघांत ठोक्यांचा संदेश वाहणाऱ्या ऊतींना इजा होऊन हृदयाची गती मंदावते. पुष्कळदा त्या आईला स्वतःला कसलाही आजार जाणवत नसतो. जे राखण्यासाठी दिले, त्यानेच घाव केला. आणि त्यात तिचा काडीमात्र दोष नव्हता.

तरीही आपल्या मंडळ्यांतून अशा आईला काय ऐकावे लागते? तिची प्रार्थना कमी पडली, घराण्यात काही पाप असेल, देव परीक्षा घेत आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो. तो दुःखाच्या कारणांची मीमांसा करीत बसत नाही. माती कालवतो, त्या मनुष्याच्या डोळ्यांना लावतो व त्याला शिलोहाच्या तळ्याकडे पाठवतो. दोषी शोधण्याच्या जागी तो हाताला काम देतो.

टाके का सुटतात, याचे उत्तर रेणूंपाशी नाही आणि माझ्यापाशीही नाही. पण एवढे दिसते, की राखणे आणि विणणे यांची फारकत झाली म्हणजे राखणेच घातक ठरते. ही गोष्ट रक्ताला लागू आहे, तशी मंडळीलाही. शुद्धतेचा पहारा करता करता जी मंडळी आपल्याच दुखावलेल्या अवयवावर तुटून पडते, ती कोणाचे रक्षण करते? शस्त्रक्रियेच्या खर्चाला हातभार लावणे, रुग्णालयात रात्री सोबत बसणे, त्या आईशेजारी मुकाट्याने उभे राहणे, हे विणकाम आपल्या हाती आहे.

त्या वचनासाठी शब्द एकच निवडावा लागेल. दुसरा तळटीपेत जाईल. मंडळीला मात्र दोन्ही अर्थ आचरावे लागतील.