निरखापासून हमीभावापर्यंत

वस्तूचे मोल ठरविणे ही कृती मानवी व्यवहारात जितकी प्राचीन, तितकाच ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्नही प्राचीन आहे. आणि एखाद्या प्रदेशाने या प्रश्नाची उत्तरे कालमानाने कशी बदलली हे पाहावयाचे असेल, तर तेथील बाजारात रुळलेल्या शब्दांइतका विश्वसनीय दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसलेल्या चोपडे तालुक्यात कापसाची वा धान्याची गाडी रिकामी होईपर्यंत मोल, भाव, किंमत, बोली, लिलाव, आडत, हमाली, तोलाई, कट्टी असे शब्द कानांवर येतात. त्यांत संस्कृतोद्भव मोलाच्या शेजारी अरबी किंमत नांदते आणि लिलाव तर थेट पोर्तुगिजांकडून आलेला. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या व्यापारी वाटा ज्या खोऱ्यातून गेल्या, तेथे याचे नवल नाही. नवल आहे ते या शब्दांमागील विचार बदलत गेला त्याचे.

यांतील पहिला विचार राजाज्ञेचा होय. दरबाराने ठरवून दिलेला दर तो निरख. चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्याचे दर बांधून दिले, आणि पेशवाईतही पुण्याच्या कोतवालाकडे बाजारभावावर नजर ठेवण्याचे काम होते. फौजेला व शहराला धान्य स्वस्त मिळावे एवढाच निरखाचा हेतू असे. पिकविणाऱ्याच्या पदरी काय पडले, हा त्याचा विषयच नव्हता. या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांचे कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेले १६७१ चे पत्र वेगळे उठून दिसते. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडून आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बसू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असा त्यातील आशय आहे. येथे दराचा विचार खाणाऱ्याच्या बाजूने न होता पिकविणाऱ्या मुलखाच्या बाजूने झाला. महाराजांच्याच आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोश या शब्दकोशात पण्यवर्ग, म्हणजे बाजारासंबंधीच्या शब्दांचा, हा स्वतंत्र वर्ग असावा, हेही बाजार हा राज्यव्यवहाराचाच भाग मानला जात होता याचे द्योतक आहे.

दुसरा विचार भावाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपताच ते तितक्याच वेगाने कोसळले. खानदेशातील ज्या कुणब्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या कर्जाचा हिशेब तेथील रणांगणावर ठरू लागला. अशा काळात भावाला कर्ता उरला नाही. भाव चढतो, उतरतो, फुटतो, पडतो, असे आपण आजही म्हणतो, जणू तो पर्जन्यासारखा निसर्गव्यापार आहे. परंतु बाजारात कर्ता होताच, तो दृष्टीआड होता इतकेच: रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरावा, आणि ज्याचा माल त्यालाच तो आकडा शेवटपर्यंत कळू नये, ही रीत देशभरच्या बाजारांत सर्रास होती. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांसाठी आणि १९३९ साली एकंदर शेतमालासाठी कायदा झाला, त्यामागे हा व्यवहार उजेडात आणावा, वजन खरे असावे, कपातींना मर्यादा असावी, ही भूमिका होती.

मात्र उघड झालेला भाव न्याय्य असतोच असे नाही, आणि येथूनच तिसरा विचार सुरू होतो. किमतीच्या शब्दसंग्रहात खर्च हा शब्द सर्वांत शेवटी आला, ही मला या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात शेतकऱ्याचा जमाखर्च मांडला. मात्र केंद्रशासनाने शेतमालाच्या किमतींसाठी आयोग नेमला तो १९६५ मध्ये. महाराष्ट्राने १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना राबविली. पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची मागणी खेडोपाडी नेली, आणि ‘भाव पडला’ म्हणणारा शेतकरी ‘भाव पाडला’ असे म्हणू लागला. दैव ज्याला मानले होते ते कोणाचे तरी कृत्य आहे, हे त्याला उमगले.

तथापि खर्च मान्य झाला म्हणजे वाद मिटला, असे झालेले नाही. २०१८ पासून हमीभाव, म्हणजेच किमान आधारभूत किंमत, खर्चाच्या दीडपट असल्याचे केंद्रशासन सांगते; परंतु त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरलेले नसते, यावर शेतकरी संघटना बोट ठेवतात. शिवाय सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला रुईचा भाव ३५६ किलोंच्या खंडीवर बोलतो, शेतकरी कपाशीचा भाव क्विंटलवर ऐकतो, आणि रुईचा उतारा व सरकीचा दर यांचे गणित मधल्यामध्ये राहते. चोपडे-रावेरकडील केळीला तर हमीभावाचे कवचच नाही. तेथे रोजच्या जाहीर भावावरच भिस्त ठेवावी लागते, आणि तो जाहीर भाव बागेत प्रत्यक्ष हाती पडेलच याची शाश्वती नसते.

कारखान्यातून निघणाऱ्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे, आणि तो आकडा माल बनविणाराच घालतो. काही ठराविक शेतमालासाठी किमान आधारभूत किंमत असते, आणि ती शासन ठरविते. एकाला आपल्या मालाचा वरचा आकडा लिहिता येतो, दुसऱ्याला खालचा आकडा सांगितला जातो. निरखापासून हमीभावापर्यंत विचाराने मोठी मजल मारली हे खरे. परंतु आपल्या मालाचा पहिला आकडा पिकविणाऱ्याने उच्चारावा, ही मजल अद्याप बाकी आहे, आणि ती केवळ कायद्याने गाठता येणार नाही. माल काही महिने राखण्याइतकी गुदामे, तेवढा काळ घर चालेल इतके रास्त व्याजाचे कर्ज आणि एकत्र विकण्याची सवय या तिन्ही गोष्टी हाताशी असतील, तरच विकणाऱ्याला ‘या भावात देत नाही’ असे म्हणता येते. आणि ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला सौदा म्हणणे योग्य.